सुभेदार घरत इथे राहत नाहीत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी काशिनाथ बाळू घरत हे नाव घेतो. आईवडिलांचं नाव घेत नाही, कारण त्यांनी केलं त्याला उपकार म्हटलं तर आई रागावेल.

घरत आमच्या पेणच्या कॉलेजात शिपाई होते. मी शिकत होतो तेव्हा अभ्यासिका त्यांच्या ताब्यात असे. आता मी त्याच कॉलेजात भूगोल शिकवतो आणि ते निवृत्त होऊन रोह्याला मुलीकडे राहतात. कॉलेजात येण्याआधी ते लष्करात होते. त्यामुळे कॉलेजात सगळे त्यांना सुभेदार म्हणत. प्राचार्य म्हणत, हेडक्लार्क म्हणत, कँटीनवाला म्हणे, आणि आम्ही मुलं तर म्हणतच असू. त्यांचं नाव काशिनाथ आहे हे मला दुसऱ्या वर्षाला गेल्यावर कळलं.

माणूस बुटका, काळा, काटक. कान मोठे. रोज दाढी केलेली, त्यामुळे गाल नेहमी धुतलेल्या ताटासारखे दिसायचे. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या आणि दोन्हीकडची घडी अगदी सारख्या रुंदीची. अभ्यासिका साडेसातला उघडायची, ते सातला येत. आल्यावर खिशातून सुतळीचं रीळ काढून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सुतळी ताणायचे आणि सगळे बाक तिला लावून सरळ करायचे. कुणी म्हणालं, "सुभेदार, बाक वाकडा असला तर अभ्यास होत नाही का?" तर म्हणायचे, "होतो. पण मग माणूस पण वाकडा बसतो."

लष्करात ते सिग्नलमध्ये होते. टेलिफोनची तार ओढायची, तुटली तर शोधून जोडायची, हे काम. त्या सवयीनं त्यांना लोंबती वायर बघवत नसे. कॉलेजात कुठंही वायर लोंबताना दिसली की स्टूल घेऊन चढायचे आणि बांधून टाकायचे. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणायचा, "या माणसामुळं माझं काम दुप्पट होतं. मी तात्पुरती ठेवतो, हा कायमची करून टाकतो."

त्यांच्याकडे काही सांगायला गेलं की ते हातातलं काम थांबवून सरळ उभे राहत. "बोल. रिपोर्ट दे. वाईट बातमी आधी." एकदा आमच्यातली चार पोरं क्रिकेट खेळून आत आली आणि गोड आवाजात म्हणाली, "सुभेदार, आज काय मॅच झाली म्हणून सांगू..."

"काच कुठली?" सुभेदारांनी विचारलं.

मग एक म्हणाला, "प्रयोगशाळेची."

"आता सांग मॅच कशी झाली."

आणि त्यांनी खरंच सगळी मॅच ऐकून घेतली. नंतर पोरांना घेऊन प्राचार्यांकडे गेले.

युद्धाच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. नवीन मुलं दर वर्षी विचारायची, "सुभेदार, तुम्ही किती मारले?" त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "डास? लय." एकदाच, मे महिन्यात, अभ्यासिकेत मी एकटा असताना ते आपण होऊन बोलले. उंचावर, बर्फात, रात्रभर वारा सुटला की तार तुटायची. पहाटे दोघं निघायचे. हातात तार धरून चालायचं, तुटकी जागा सापडेपर्यंत. "जोडून झाली की फोन कानाला लावून बघायचो," ते म्हणाले. "पलीकडनं कोण बोललं की बस. काय बोलला ते ऐकायचं नाय. आपलं काम झालं, निघायचं."

गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत हमरापूरकडची मुलं अभ्यासिकेत यायची ती अर्धी झोपेतच. घरोघर मूर्तींचं काम चालू असायचं. रंगवून रंगवून नखं रंगलेली, डोळे सुजलेले. आमच्या वर्गात प्रणाली नावाची मुलगी होती, ती मूर्तींचे डोळे आखायची. ते काम घरातल्या सगळ्यात हलक्या हाताच्या माणसाकडे असतं.

"काय गो, आज किती डोळे काढलेस?" सुभेदार विचारायचे.

"चाळीस मूर्तींचे."

"म्हणजे ऐंशी. आणि स्वतःचे दोन उघडत नायत."

दुसऱ्या कुठल्या अभ्यासिकेत त्या मुलांना बाहेर काढलं असतं. सुभेदारांनी पाळ्या लावल्या. दोघांनी जोडी करायची. एकानं वीस मिनिटं बाकावर डोकं ठेवून झोपायचं, दुसऱ्यानं वाचायचं. वीस मिनिटं झाली की खांद्यावर दोन बोटं वाजवायची आणि पाळी बदलायची. "पहाऱ्यावर असंच असतं," ते म्हणायचे. "दोघं झोपलात तर दोघांना बाहेर." प्रणाली त्या वर्षी पहिल्या वर्गात पास झाली. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली तेव्हा सुभेदार म्हणाले, "आता घरी जाऊन झोप. वीस मिनिटांपेक्षा जास्त."

आता माझं, नरेश ठाकूरचं, सांगतो.

आमचं गाव पेणच्या खाडीपट्ट्यात. वडील मिठागरात कामाला. आमच्या घरातच काय, आमच्या आळीतही कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे कॉलेजच्या गोष्टी विचारायच्या कुणाला, हा प्रश्नच असायचा. दुसऱ्या वर्षी माझा एक विषय राहिला. गुणपत्रिकेवर त्या विषयापुढे नापासाची खूण होती आणि खाली एटीकेटी लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला नीट माहीत नव्हता आणि कुणाला विचारायची लाज वाटली. वडिलांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "राहिलास म्हणजे राहिलास," ते म्हणाले. रागानं नाही, नुसतंच म्हणाले. मामाच्या ओळखीनं मी रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. मामाच्याच खोलीवर राहायचो. फर्स्ट शिफ्ट, सात ते तीन. कॉलेज संपलं असं मी मनाशी धरूनच टाकलं होतं.

एके दिवशी तीनला बाहेर पडलो तर गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे, सुभेदार उभे. हातात प्लॅस्टिकची पिशवी. वाटलं, कॉलेजची काही वस्तू माझ्याकडे राहिली असणार.

"सुभेदार, तुम्ही? कधी आलात?"

"साडेसहाला निघालेली गाडी घेतली. पोचलो तर तू आत गेला होतास."

"मग आत निरोप पाठवायचा ना! सकाळपासून उभे आहात?"

"ड्युटीवरच्या माणसाला बोलवत नाय," ते म्हणाले. मग पिशवीतून परीक्षेचा अर्ज काढला. "उद्या शेवटची तारीख. यादीत तुझा नंबर नाय. बाकी सगळे आलेत, तू एकटा गैरहजर, आणि रिपोर्ट नाय. सही कर."

"पण मी नापास झालो."

"एक विषय राहिला. म्हणजे तार एका जागी तुटली. तेवढी जागा जोडायची का सगळी तार टाकून द्यायची?"

कागद ठेवायला जागा नव्हती. सुभेदार वळले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "ठेव पाठीवर." धाटावच्या त्या रस्त्यावर, शिफ्ट सुटलेली माणसं बघत असताना, मी त्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्यांनी अर्ज घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि पेणच्या गाडीकडे चालू लागले. चहाही घेतला नाही. मी तो विषय सोडवला, पुढे पदवी घेतली, पदव्युत्तर झालो. त्या सहीनंतरचं माझं सगळं आयुष्य त्या सहीमुळं आहे.

एवढं ज्या माणसानं केलं, त्यालाच मी गेल्या वर्षी खाली मान घालायला लावली असती.

झालं असं. कॉलेजनं ठरवलं की तालुक्यातल्या माजी सैनिकांचा कॉलेजच्या आवारात सत्कार करायचा आणि ध्वजस्तंभाजवळ त्यांच्या नावांचा कायमचा फलक लावायचा. प्राचार्य मॅडमनी काम माझ्याकडे दिलं. मी मनापासून लागलो. यादीत चुकीचं नाव जायला नको म्हणून नियम केला की प्रत्येकानं लष्कर सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र द्यावं. गावोगाव फिरून कागद गोळा केले. गागोदे बुद्रुकच्या एका आजोबांचं बुक वाळवीनं खाल्लेलं होतं, ते मी दोन तास बसून वाचलं आणि उतरवून घेतलं.

एका माणसाकडे मात्र मी कागद मागितला नाही. यादीत पहिलंच नाव मी न विचारता लिहिलं: सुभेदार काशिनाथ घरत. सुभेदारांकडे कसला पुरावा मागायचा! पत्रिका छापून आल्या. कॉलेजच्या गेटवर मोठा फ्लेक्स लागला, त्यावर त्यांचा जुना फोटो आणि खाली ठळक अक्षरांत तेच नाव. मी फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेतला. त्यांना पत्रिका पोस्टानं पाठवली, कारण फोनवरच्या आमंत्रणाला ते आमंत्रण मानत नसत.

पाचव्या दिवशी पत्रिका परत आली. पाकिटावर पोस्टमननं शेरा मारला होता: 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.'

मला आधी वाटलं पत्ता चुकला. मग वाटलं त्यांचं काही बरंवाईट तर झालं नाही. घाबरतच त्यांच्या मुलीला, सुनंदाताईंना फोन केला.

"बाबा घरातच हायत," त्या म्हणाल्या. "पोस्टमन आला, बाबांनी पाकीट बघितलं आणि त्याला म्हणाले, सुभेदार घरत इथं राहत नाय. तो बिचारा हसला, त्याला वाटलं मस्करी. बाबा म्हणाले, लिही तसं. दोन दिवस झाले, धड जेवत नायत. तुम्हीच या सर. त्यांच्या डोक्यात काय हाय ते मला तर कळत नाय."

मी दुसऱ्या दिवशी रोह्याला गेलो. सुभेदार ओट्यावर वाल सोलत बसले होते. मला बघून उठले नाहीत. रिपोर्टही विचारला नाही. "बस," एवढंच.

"पत्रिका परत आली," मी म्हणालो.

"नाव चुकलं होतं."

"सुभेदार, तुम्हाला सगळे..."

"म्हणतात," ते म्हणाले. "छापत नाय कोण."

त्यांनी एक वाल सोलला, दुसरा सोलला.

"मी लान्स नाईक होतो, ठाकूर. शिपायाच्या वरची एक पायरी. कॉलेजात लागलो तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, या सुभेदार. मी म्हटलं, साहेब, लान्स नाईक. ते म्हणाले, ते काय असतं? दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. मग सोडून दिलं. हाक मारण्यानं काय होतं? आमच्या गावात एकाला तहसीलदार म्हणतात, तो म्हशी राखतो. पण छापलं म्हणजे मी तो हुद्दा लावला असं झालं. फौजेत दुसऱ्याचा हुद्दा लावून फिरणं म्हणजे काय, तुला नाय कळायचं."

"माझी चूक झाली."

"सुभेदार व्हायला माणसाची वीस-बावीस वर्षं जातात. मी दहा वर्षांत परत आलो." त्यांनी हातातला वाल खाली ठेवला. "आमच्या सेक्शनला सुभेदार होते, गढवालचे. सुनंदाची आई गेली तेव्हा तार आली. पोर तीन वर्षांची, घरात बघणारं कोण नाय. माझा हात चालत नव्हता, तर घरी जायचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. म्हणाले, घरत, तार दुसरा कोणी पण जोडेल, बच्ची को बाप दूसरा कौन देगा. सुभेदार म्हटलं की मला ते दिसतात. त्यांच्या हुद्द्यावर माझा फोटो?"

आतून सुनंदाताईंचा आवाज आला. "बाबा, हे मला कधी सांगितलं नायत."

"तू विचारलंस कधी?"

"काय विचारणार? तुम्ही फौज सोडली का, असं? मला वाटायचं मुदत संपली."

सुभेदारांनी वालाची सालं गोळा करून एका बाजूला लावली.

मग त्यांनीच मला दुसरी गोष्ट सांगितली, जी ऐकून मी जास्त घाबरलो. स्वतःच्या अर्जावरून मुदतीआधी आल्यामुळं त्यांना पेन्शन नव्हती. आणि पेन्शन नाही म्हणून माजी सैनिकाचं ओळखपत्रही नव्हतं. म्हणजे मी केलेल्या नियमाप्रमाणे ते सुभेदार तर नव्हतेच, यादीतही बसत नव्हते. ज्यांचं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं होतं, तेवढ्याच एका माणसाचं नाव काढून टाकायची पाळी आली होती. आणि त्यांचा फोटो आठवडाभर गेटवर लागलेला. सारं पेण बघून गेलेलं.

सुनंदाताईंनी ट्रंकेतून डिस्चार्ज बुक आणून दिलं. घरतांनी ते माझ्या हातात ठेवलं. "नेऊन दाखव. बसत असंल तर बसतं, नसंल तर नाय. जे असंल ते कळव. पण फ्लेक्स आज उतरव."

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन मी म्हणालो, "मॅडम, वाईट बातमी आधी सांगतो," आणि सगळं सांगितलं. मॅडम चांगल्या स्वभावाच्या, पण नियमाच्या पक्क्या. "ओळखपत्राशिवाय कुणाला घ्यायचं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. दोघांना आपण परत पाठवलंय. आता आपल्याच माणसाला घेतलं तर ते काय म्हणतील?" त्यांचं चुकत नव्हतं. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "सत्काराला येणाऱ्यांत हुद्द्यानं मोठे कोण? त्यांना विचारा. हा त्यांचा मान आहे, त्यांनाच ठरवू दे."

हुद्द्यानं मोठे होते गडबचे सुभेदार तुकाराम म्हात्रे. खरे सुभेदार, सव्वीस वर्षं नोकरी केलेले. हायवेला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. उंच, पांढऱ्या मिशा, आवाज असा की दुकानातली गिऱ्हाईकं सरळ उभी राहतात. मी डिस्चार्ज बुक काउंटरवर ठेवलं आणि झालेला प्रकार सांगितला.

"म्हणजे लान्स नाईकला तुम्ही सुभेदार केलात?" त्यांचा आवाज चढला. "आम्हाला बावीस वर्षं लागली! तुमच्या कॉलेजनं एका छापखान्यात करून टाकला?"

गिऱ्हाईकं माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली.

त्यांनी चष्मा लावला आणि बुक पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मधे एकानं खिळे मागितले, त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं. कुठं कुठं पोस्टिंग, किती उंचीवर, ते बोट ठेवून वाचत होते. एका ठिकाणी बोट थांबलं. "इथं होता हा? दोन हिवाळे?" मग शेवटचं पान. वर्तनापुढे इंग्रजीत जो शेरा होता तो त्यांनी मोठ्यानं वाचला आणि मला म्हणाले, "याच्या वरचा शेरा नसतो, प्रोफेसर. हा सगळ्यांत मोठा."

"पण सर, ओळखपत्र नाही."

"ते सवलतींसाठी असतं. कँटीन, दवाखाना, त्याला लागतं. तुम्ही सवलत देताय का मान देताय?"

त्यांनी बुक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"जे दोघं परत पाठवलेत ना, त्यांची बुकं पण आणा. बघतो मी. आणि याला कळवा, सुभेदार म्हात्रेनं बोलावलंय. लान्स नाईक म्हणून. बघू कसा येत नाय तो." मग खिळे मोजता मोजता पुटपुटले, "याला नाय म्हटलं असतं तर मला दोन दिवस झोप लागली नसती."

मी गडबहूनच रोह्याला फोन लावला. सुनंदाताईंनी फोन बाबांकडे दिला. मी शब्दन् शब्द सांगितला. मग ते म्हणाले, "सुभेदारांनी बुक सगळं वाचलं?"

"पहिल्या पानापासून."

"मग येतो."

फोन परत सुनंदाताईंकडे गेला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, जेवायला वाल गरम करायला सांगतायत." मी दुकानाबाहेर रिकाम्या पाइपांच्या ढिगावर बसलो.

कार्यक्रमाच्या दिवशी ते तासभर आधी आले. पांढरा शर्ट, बाह्या या वेळी खाली सोडून बटणं लावलेली. हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले. सत्कार हुद्द्याप्रमाणे झाले, म्हणजे त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी. जे दोघं परत गेले होते तेही होते, म्हात्र्यांनी त्यांचीही बुकं वाचली होती. निवेदन करणाऱ्या मुलीनं नाव वाचलं, "लान्स नाईक काशिनाथ बाळू घरत," आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या रांगेत कुजबुज झाली. आमचा कँटीनवाला तर उठून माझ्याकडे बघायला लागला, चूक झाली म्हणून.

घरत मंचावर गेले. म्हात्र्यांसमोर थांबले, कडक सलाम केला. म्हात्र्यांनी बसल्या जागी नाही, उभं राहून त्याला उत्तर दिलं. शाल घातल्यावर घरत माइककडे वळले. कॉलेजात इतकी वर्षं काढली, माइकला कधी त्यांनी हात लावला नव्हता. लावला तो वायर नीट करायला.

"मला इथं सगळे सुभेदार म्हणायचे," ते म्हणाले. "मी तीन माणसांना सांगून बघितलं, चौथ्याला सांगितलं नाय. ती माझी चूक. आज दुरुस्ती करतो. मी लान्स नाईक होतो. काम तार जोडायचं." एवढं बोलून ते खाली बघायला लागले. मग म्हणाले, "बस."

टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांच्या वर म्हात्र्यांचं गडगडाटी हसणं. त्यांनी घरतांच्या खांद्यावर हात टाकला आणि विचारलं, "कौन सी यूनिट थी?" घरतांनी सांगितलं. त्यानंतर त्या दोघांना आमची गरज उरली नाही.

पोहे खाताना ते हिंदीत बोलत होते. कुठला रस्ता, कुठलं ठाणं, कुणाचे पाय गोठले. संध्याकाळी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. रोह्याची गाडी गडबवरूनच जाते, त्यामुळे दोघं एकाच गाडीत. घरतांना खिडकी मिळाली, म्हात्रे बाजूला बसले. मी खिडकीखाली उभा होतो. गाडी सुरू झाली, मी हात केला. घरत हातवारे करून म्हात्र्यांना काही तरी समजावत होते, तार कुठून कुठे जायची ते असावं. त्यांचं माझ्याकडे लक्षच गेलं नाही. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. गाडी वळेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

आठवड्यानं मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं:

पेण

लान्स नाईक काशिनाथ बाळू घरत (निवृत्त) यांस,

साष्टांग नमस्कार.

आजपर्यंत तुम्हाला सुभेदार म्हणत आलो. आता काय म्हणायचं ते विचारायचं राहून गेलं. काका म्हणू का? चालत नसेल तर कळवा.

फलक काल लागला. तुमचं नाव सगळ्यांत शेवटी आहे, हुद्द्यासकट. सगळ्यांच्या नावांची अक्षरं एकाच मापाची ठेवली आहेत, तसं म्हात्रे सुभेदारांनी बजावलं होतं. ते स्वतः येऊन तपासून गेले.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. आमच्या गावात मला प्रोफेसर म्हणतात. देवळाच्या उत्सवाच्या पत्रिकेवर दोन वर्षं तसं छापून येतं. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. दर वर्षी मुलाखत होते, दर वर्षी नवी नेमणूक, आणि पुढच्या वर्षी असेन की नाही ते मलाही माहीत नसतं. मी घरी कधी खोटं बोललो नाही. पण आईला वाटत होतं मी कायम झालो, आणि मी ते वाटू दिलं. सुट्टीत घरी जायचंसुद्धा मी टाळायला लागलो होतो.

रविवारी गेलो. आई सुकट निवडत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे कंपनीत कंत्राटी असतात तसा?" मी हो म्हटलं. थोडा वेळ ती निवडत राहिली. मग म्हणाली, "पोरांच्या म्होरं उभा राहून शिकवतोस ते तरी खरं हाय ना?" मी म्हटलं, ते खरं आहे. "मंग एवढं काय तोंड पाडून बसलास? हात धू. जेवायला वाढते."

देवळाच्या मंडळाकडे वडील स्वतः गेले आणि पत्रिकेवर यंदा नुसतं नाव छापा म्हणून सांगून आले.

पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. काय होईल ते कळवीन. सुनंदाताईंना नमस्कार.

तुमचा विद्यार्थी,
नरेश ठाकूर
तासिका अध्यापक, भूगोल